शाळेचा हॉल, रुपयाची खोली आणि मुलुंडचे फ्रीलान्सर

२०१८ च्या जूनमध्ये मुलुंडच्या महाकवी कालिदास नाट्यमंदिरात ९८ वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलं. अध्यक्षपदी होत्या कीर्ती शिलेदार आणि कार्यक्रम आखला होता सलग ६० तासांचा. एवढा वेळ रंगमंच जागता ठेवायचा तर एका प्रयोगाचं नेपथ्य उतरत असतानाच दुसऱ्याचं विंगेत येऊन थांबलेलं लागतं. दिवे पुन्हा लावायचे, माइक तपासायचे, रंगभूषाकाराच्या समोरची खुर्ची रिकामी राहू द्यायची नाही. टाळ्या नटांना मिळतात, पण हे सगळं काम जे उरकतात त्यांच्यातलं जवळपास कुणीही कुणाच्या पगारावर नसतं.

नाटकाच्या धंद्यात पैसे ‘नाइट’वर ठरतात. प्रयोग झाला तर नाइट मिळते, रद्द झाला तर नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातली नाट्यगृहं बंद झाली, मध्ये काही महिने अर्ध्या क्षमतेनं उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. त्या काळात नाइटवर जगणाऱ्यांना आपण किती एकटे आहोत हे कळून चुकलं. त्यांना ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजेचा पगार, ना ‘पुढच्या महिन्यात काय’ हे विचारायला एखादं ऑफिस.

आज ही अवस्था नाटकापुरती राहिलेली नाही. पुस्तकांची मुखपृष्ठं करणारी चित्रकार, लग्नाचे आणि जाहिरातींचे व्हिडिओ कापणारा एडिटर, ओटीटीसाठी उपशीर्षकं लिहिणारी अनुवादक, पॉडकास्टचा आवाज स्वच्छ करून देणारा ध्वनितंत्रज्ञ, दिवाळी अंकांची पानं लावणारा मांडणीकार, हे सगळे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. मुंबईच्या पूर्व उपनगरांत अशी माणसं मोठ्या संख्येनं राहतात, कारण दादर-पार्ल्यात घर परवडत नाही आणि मुंबई सोडून कामही मिळत नाही. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ठाण्याच्या अलीकडचं, मुंबईचं शेवटचं स्टेशन असलेल्या मुलुंडच्या वाट्याला या दोन्ही कारणांनी अशी माणसं आली आहेत.

घरातल्या टेबलाची मर्यादा

मुलुंड पश्चिमेचे स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते १९२२ च्या आराखड्यातले. क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी तो आखला होता. मुंबईतल्या सर्वांत जुन्या नियोजित वस्त्यांमध्ये मुलुंडची गणना होते. त्या आराखड्यात दुकानं होती, घरं होती. शंभर वर्षांनंतर त्याच घरांच्या जेवणाच्या टेबलावर चित्रपटाचं संकलन होईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

घरून काम करण्याचे फायदे उघड आहेत. भाडं वाचतं, लोकलची गर्दी टळते, मुलांना शाळेत सोडता येतं. पण वर्ष-दोन वर्षांत तीन अडचणी समोर येतात. पहिली जागेची. दोन खोल्यांच्या घरात आजोबांचा टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या आणि आवाजाचं रेकॉर्डिंग एका वेळी होऊ शकत नाही. दुसरी अडचण नजरेची. चित्रकाराला आपलं चित्र तिसऱ्या दिवशी दिसेनासं होतं, संकलकाला पन्नासदा पाहिलेला प्रसंग लांबला आहे की नाही हे समजेनासं होतं. त्या क्षणी शेजारच्या टेबलावरून कुणीतरी मान वळवून ‘हे इथं कापून बघ’ म्हणणं फार मोलाचं असतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवून ते होत नाही. तिसरी अडचण कामाच्या आकाराची. एखाद्या बँकेला माहितीपट हवा असेल तर तिला लेखक, छायाचित्रकार, संकलक आणि संगीतकार एकत्र हवे असतात. यांतल्या एकट्यादुकट्याला ती फोन करत नाही. एजन्सीला करते, आणि एजन्सी मग याच चौघांना पडत्या दरात कामाला लावते.

म्हणजे या माणसांना हवी असलेली गोष्ट टेबल-खुर्चीच्या पुढची आहे. त्यांना परवडणारी जागा, एकमेकांच्या कामावर बोलणारी संगत आणि पैशांची सरळ वाटणी या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या आहेत. मुंबईत या तिन्हीचे प्रयोग पूर्वी झालेले आहेत आणि ते आज पुन्हा नीट पाहण्यासारखे आहेत.

को-वर्किंग कुणासाठी?

त्या प्रयोगांकडे वळण्याआधी आज चटकन सुचणारा पर्याय पाहू: को-वर्किंग. आजच्या अर्थानं त्याची सुरुवात २००५ सालची मानतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ब्रॅड न्यूबर्ग या संगणक-प्रोग्रामरला नोकरीतली सोबत हवी होती आणि स्वतंत्र कामाची मोकळीकही. त्यानं एका स्त्रीवादी संस्थेच्या जागेत आठवड्यातले दोन दिवस टेबलं मांडली. मांडणी साधी होती: ज्यांचा धंदा वेगळा, मालक वेगळे, त्यांनी एका छपराखाली बसायचं. पाच वर्षांनी न्यू यॉर्कमध्ये वीवर्क ही कंपनी निघाली आणि या कल्पनेचं रूपांतर जागा भाड्यानं देण्याच्या धंद्यात झालं. वीवर्क २०१७ मध्ये भारतात आली. तोपर्यंत इथल्याही काही कंपन्या या धंद्यात उतरल्या होत्या. अंधेरी, पवई, विक्रोळी, घाटकोपर असा हा पट्टा वाढत गेला.

या जागांचा उपयोग नाकारण्याचं कारण नाही. तिथं चांगलं इंटरनेट असतं, क्लायंटला बोलावता येईल अशी बैठकीची खोली असते, जीएसटी नोंदणीसाठी पत्ता मिळतो. पण त्यांचं गणित कंपन्यांवर चालतं. एखादी कंपनी आपल्या पन्नास कर्मचाऱ्यांसाठी एकदम पन्नास खुर्च्या घेते, त्यातून इमारतीचं भाडं सुटतं. एकट्या चित्रकाराची एक खुर्ची या हिशेबात किरकोळ असते. शिवाय तिथली शिस्तही ऑफिसची आहे. तिथं तबला वाजवता येत नाही, कॅनव्हासवर रंग उडवता येत नाही, संवाद मोठ्यानं म्हणता येत नाहीत. काच आणि गालिच्याच्या त्या दालनात सहा महिने बसूनही शेजारचा काय करतो हे माहीत नसण्याची शक्यताच जास्त.

एक रुपया रोज

ब्रीच कँडीजवळच्या ज्या रस्त्याला आज भुलाभाई देसाई मार्ग म्हणतात, तिथं १९५० आणि ६० च्या दशकांत भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा लाल किल्ल्यातला खटला लढवणारे ख्यातनाम वकील भुलाभाई देसाई १९४६ मध्ये गेले. त्यांच्या बंगल्याची जागा त्यांच्या सूनबाई मधुरी देसाई आणि सोली बाटलीवाला यांनी कलाकारांसाठी खुली केली. चित्रकारांना तिथं स्टुडिओ मिळत. त्या पिढीच्या आठवणींत भाड्याचा आकडा येतो तो एक रुपया रोज असा.

त्या एका आवारात कोण कोण काम करत होतं याची यादी आज थक्क करते. वासुदेव गायतोंडे तिथं रंगवत. हुसेन, तय्यब मेहता, नसरीन मोहमदी, दशरथ पटेल, गोव्याच्या प्रफुल्ला डहाणूकर यांचे स्टुडिओ तिथं होते. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होऊन गेले. त्याआधी त्यांचं नाट्यशिक्षण आणि तालमी इथं चालत. पंडित रविशंकर यांची ‘किन्नर’ ही संगीतशाळाही इथंच होती. चित्रकार जिना उतरताना सतार ऐकत होते आणि नट तालमीतून बाहेर पडताना ओले कॅनव्हास बघत होते.

इथं कुणी कुणाचा भागीदार नव्हता. एकत्र काम करण्याची सक्तीही नव्हती. तरीही चित्रकारांनी नाटकांच्या नेपथ्याकडे वळणं, नटांनी चित्रप्रदर्शनांना जाणं, तरुण चित्रकार मुलीला गायतोंड्यांसारख्या मितभाषी माणसाच्या शेजारी बसून काम करायला मिळणं, हे सगळं निव्वळ शेजारामुळे घडलं. आणि तो शेजार घडला, कारण भाडं बाजारभावानं लावलेलं नव्हतं. पुढे ती वास्तू राहिली नाही, तिथं उंच इमारत उभी राहिली. दक्षिण मुंबईतली तेवढी जागा कलाकारांना रुपया रोजानं देणारं मग कुणी उरलं नाही.

शाळा सुटल्यावरचं नाटक

बंगला आणि दानशूर कुटुंब प्रत्येकाच्या नशिबी नसतं. त्यामुळे मुलुंडसाठी जास्त जवळचं उदाहरण दादरचं आहे.

विजया मेहतांच्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतून बाहेर पडल्यावर अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था काढली. नाटकं होती, नट होते, पण मोठ्या नाट्यगृहाचं भाडं झेपत नव्हतं, आणि त्यांना जी नाटकं करायची होती त्यांना हजारभर प्रेक्षक येणारही नव्हते. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. त्या शाळेचा हॉल १९७४ पासून संध्याकाळी नाटकाला मिळू लागला. दिवसा मुलांची शाळा आणि रात्री प्रायोगिक रंगभूमी, असं हे वेळापत्रक पुढची सतरा-अठरा वर्षं चाललं. मराठी नाटकाच्या इतिहासात ही चळवळ त्या शाळेच्याच नावानं ओळखली जाते.

छबिलदासचं वैशिष्ट्य असं की हॉल ‘आविष्कार’च्या ताब्यात असला तरी तो एकट्या ‘आविष्कार’नं वापरला नाही. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांनी आणि इतर अनेक गटांनी तिथं प्रयोग केले. उंच रंगमंच नव्हता, प्रेक्षक नटांपासून हाताच्या अंतरावर बसत. त्यामुळे नाटकाची लिहिण्याची, बसवण्याची, उजेड पाडण्याची पद्धतच बदलली. एका गटाचा प्रकाशयोजनाकार दुसऱ्या गटाला मदत करी, एकाचं नेपथ्य दुसऱ्याच्या कामी येई. तिकीट काढण्यापासून सतरंज्या घालण्यापर्यंतची कामं सगळ्यांची. काकडेकाकांनी तर संस्थेचं व्यवस्थापन हेच आपलं आयुष्यभराचं काम मानलं. कलाकारांच्या कुठल्याही गटात असा एक माणूस लागतो. वेळापत्रक, किल्ल्या, पावत्या, भांडणं हे सगळं तो बघतो, म्हणून बाकीचे नाटक करू शकतात.

छबिलदास सुटल्यावर ‘आविष्कार’नं माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान बसवलं आणि तिथंही अनेक वर्षं तरुण गटांना तालमीसाठी, छोट्या प्रयोगांसाठी जागा मिळत राहिली. पण दोन्ही ठिकाणी एक कच्चा दुवा होता. जागा दुसऱ्याची होती आणि ती कधी ना कधी सोडावी लागणार होती.

एकत्र येण्याच्या तऱ्हा

जागा मिळाली की टीम आपोआप होते असं नाही. एकत्र येण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा असतात आणि कामाप्रमाणे तऱ्हा निवडावी लागते.

पहिली तऱ्हा पूर्ण भागीदारीची. १ जून १९२९ ला कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी हे तिचं ठळक उदाहरण. व्ही. शांताराम दिग्दर्शन पाहत, फत्तेलाल कलादिग्दर्शन, केशवराव धायबर छायाचित्रण, विष्णुपंत दामले तांत्रिक बाजू आणि बोलपटाच्या काळात ध्वनी. भांडवलाची जबाबदारी सराफी पेशातल्या सीतारामपंत कुलकर्णींनी उचलली. कुणाच्या क्षेत्रात कुणाचा शब्द अखेरचा, हे स्पष्ट होतं. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली, दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. पण पूर्ण भागीदारीचा ताणही पूर्ण असतो. आधी धायबर बाहेर पडले, १९४२ मध्ये शांताराम. कंपनी पुढे टिकली नाही. तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

दुसरी तऱ्हा एका ठरावीक कामापुरतं एकत्र येण्याची. १९७० च्या दशकात मुंबईत इंग्रजी कविता छापायला प्रकाशक मिळत नसत. अदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि अरुण कोलटकर या चौघांनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही स्वतःची सहकारी प्रकाशनसंस्था काढली. १९७६ मध्ये चौघांची चार पुस्तकं आली. कोलटकर पेशानं जाहिरातक्षेत्रातले कलादिग्दर्शक असल्यामुळे पुस्तकांच्या रूपाची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. त्या चार पुस्तकांत ‘जेजुरी’ होतं आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. इथं ऑफिस नव्हतं, पगार नव्हता. प्रत्येकाची नोकरी किंवा धंदा वेगळा होता. एकत्र होतं ते फक्त एक काम, आणि ते नेमकं होतं.

तिसरी तऱ्हा मोठ्या कामाचे तुकडे पाडून वाटून घेण्याची. ‘एक टाइप’ हा मुंबईतल्या अक्षररचनाकारांचा गट. त्यांनी २०१५ मध्ये ‘बालू’ हा फॉन्ट नऊ भारतीय लिप्यांत केला आणि गूगल फॉन्ट्सवर मोफत ठेवला. प्रत्येक लिपी वेगळ्या रचनाकाराच्या हाती होती, पण अक्षरांचा जाडपणा, गोलाई, एकूण स्वभाव सगळीकडे एकच राहील याची काळजी सगळ्यांनी मिळून घेतली. बंगालीचा बालू दा, गुरुमुखीचा बालू पाजी, गुजरातीचा बालू भाई अशी भावंडांची नावं त्यांना दिली. एकट्या माणसाला नऊ लिप्यांत उतरायला किती वर्षं लागली असती याचा विचार केला की गटाची ताकद ध्यानात येते.

चौथी तऱ्हा मराठी वाचकाच्या घरातलीच आहे: दिवाळी अंक. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दर वर्षी लेखक, चित्रकार, व्यंगचित्रकार, मुद्रितशोधक आणि मांडणीकार काही महिन्यांसाठी एकत्र येतात आणि अंक निघाला की पांगतात. चित्रकार दीनानाथ दलाल यांनी तर १९४५ मध्ये स्वतःच ‘दीपावली’ सुरू केला. चित्रं काढून देणारा माणूस प्रकाशक झाला आणि चित्राला अंकात किती जागा द्यायची हे तोच ठरवू लागला. आज हेच यूट्यूबवर होतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’नं दिग्दर्शक, लेखक, नट, संकलक यांना एकत्र आणून मराठीत वेबचा एक स्वतंत्र धंदा उभा राहू शकतो हे दाखवलं.

दोस्ती आणि दस्तऐवज

कलाकारांचे गट फुटतात ते बहुतेक वेळा मतभेदांवरून नाही, न बोललेल्या पैशांवरून. ‘आपण मित्रच आहोत, लिहून कशाला घ्यायचं?’ हे वाक्य भांडणाच्या मुळाशी सापडतं. कायदा या बाबतीत काय म्हणतो हे माहीत असणं त्यामुळे फार गरजेचं आहे.

१९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे दोघा-तिघांनी मिळून नफ्यासाठी धंदा सुरू केला की लेखी करार नसला तरी भागीदारी निर्माण होऊ शकते. वेगळं ठरलेलं नसेल तर नफा आणि तोटा दोन्ही समान वाटले जातात. एकानं जास्त राबून काम केलं होतं, हा मुद्दा मग चालत नाही. फर्मच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असतो. आणि फर्म नोंदवलेली नसेल, तर पैसे बुडवणाऱ्या क्लायंटवर करारावरून दावाही लावता येत नाही. २००८ च्या एलएलपी कायद्यानं मर्यादित दायित्वाची वाट खुली केली. महाराष्ट्रात सहकारी संस्था काढायची तर १९६० च्या कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणांनी एकत्र यावं लागतं. साखर कारखान्यांपासून गृहनिर्माणापर्यंत सहकार रुजलेल्या या राज्यात संकलकांनी किंवा चित्रकारांनी तो का वापरू नये?

हक्कांचंही तसंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सर्वसाधारणपणे कृतीचा कर्ता हाच पहिला मालक मानला जातो. पण पैसे देऊन काढून घेतलेलं छायाचित्र किंवा रंगवून घेतलेलं चित्र, करारात वेगळं म्हटलेलं नसेल तर, काम सांगणाऱ्याच्या मालकीचं होतं. हे कित्येक छायाचित्रकारांना चित्र तिसऱ्याच ठिकाणी छापून आल्यावर कळतं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. दोघांचं काम वेगळं काढता येणार नाही इतकं मिसळलेलं असेल तर दोघेही संयुक्त कर्ते ठरतात.

याच हक्कापायी १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सेमूर यांनी ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था उभारली. तोपर्यंत फोटोचे हक्क मासिकांकडे जात, मॅग्नमच्या सभासदांनी ते स्वतःकडे ठेवले. बेल्जियममध्ये १९९८ पासून ‘स्मार्ट’ ही संस्था काम करते आहे. कलाकार आपलं बिल तिच्यामार्फत पाठवतात, संस्था ठरावीक टक्का कापून घेते आणि क्लायंटनं पैसे दिले असोत वा नसोत, कलाकाराला सात दिवसांत रक्कम देते. वसुलीची डोकेदुखी संस्थेची.

भारतात अशी हमी नाही, पण २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याचा आधार आहे. सेवा पुरवणारा एकटा चित्रकार किंवा संकलकसुद्धा ‘उद्यम’ पोर्टलवर विनामूल्य नोंदणी करू शकतो. मग क्लायंटला लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागू होतं आणि तक्रार ऑनलाइन करता येते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या नियमांतही बदल झाला: मुदतीत न दिलेली ही रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत क्लायंटला खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मोठ्या कंपनीचा लेखाविभागही वेळेवर हलतो.

गटाच्या आतले नियम याहून सोपे असतात, पण तेही पहिल्या दिवशी लिहावे लागतात. काम आणणाऱ्याचा वाटा किती, क्लायंटशी कोण बोलणार, किती करेक्शन मोफत आणि पुढच्या प्रत्येकाचे किती, नाव कुठल्या क्रमानं येणार, कुणी मध्येच सोडून गेलं तर त्याच्या कामाचं काय करायचं. एका पानावर मावणारं हे लिखाण आहे.

मुलुंडला काय करता येईल

२०२५ च्या मे महिन्यात मुंबईत ‘वेव्हज’ परिषद झाली. अ‍ॅनिमेशन, गेमिंग, चित्रपट या क्षेत्रांसाठी मोठ्या घोषणा झाल्या. दुसरीकडे गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम चालू आहे. सुमारे १२ किलोमीटरच्या या रस्त्यातले जुळे बोगदे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून गोरेगावच्या चित्रनगरीच्या बाजूला निघतील. आज मुलुंडच्या संकलकाला गोरेगावला जायचं तर गाड्या बदलत जावं लागतं किंवा पवईच्या रस्त्यावर वाहतुकीत अडकावं लागतं. हा जोडरस्ता झाला की मराठी-हिंदी मालिकांचा कारखाना अचानक शेजारी येईल. त्या दिवशी मुलुंडमध्ये फक्त घरं असतील की कामाच्या खोल्याही असतील, हे आत्ता ठरवायची वेळ आहे.

माणसांची इथं उणीव नाही. मुलुंड पूर्वेला केळकर एज्युकेशन ट्रस्टचं वझे महाविद्यालय १९८४ पासून आहे आणि आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांच्या जगात त्याचं नाव आदरानं घेतलं जातं. एकांकिकेच्या तालमीत एकोणीस-वीस वर्षांची मुलं जे शिकतात ते कुठल्याही व्यवस्थापनाच्या वर्गात मिळत नाही: मर्यादित मिनिटांत नेपथ्य लावणं, अपुऱ्या पैशांत दिवे जमवणं, दिग्दर्शकाशी वाद घालूनही संध्याकाळी त्याच्याच हाताखाली उभं राहणं. पदवीनंतर मात्र हा गट विखुरतो. कुणी नोकरीला लागतं, कुणी अंधेरीला खोली घेऊन राहतं. तालमीसाठी महाविद्यालयाचा हॉल होता, तो सुटला की एकत्र बसायला जागाच उरत नाही.

पश्चिमेला महाराष्ट्र सेवा संघासारखी ग्रंथालय आणि साहित्यिक उपक्रम चालवणारी जुनी संस्था आहे. दोन्ही बाजूंना खासगी आणि महापालिकेच्या शाळा आहेत आणि संध्याकाळनंतर त्यांच्या खोल्या कुलूपबंद असतात. छबिलदासचा धडा इथं थेट लागू पडतो. नवी इमारत बांधायला नको, असलेल्या इमारतीचे रिकामे तास हवे आहेत.

खर्चाचा अंदाज बांधणं कठीण नाही. समजा एका शाळेनं संध्याकाळी सहा ते दहा अशा वेळेत दोन खोल्या दिल्या. वीज, रखवालदाराचा जादा पगार आणि साफसफाई धरून महिन्याचा खर्च २४,००० रुपये आला आणि बारा जण एकत्र आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २,००० रुपये येतात. एका खोलीत शांत काम, दुसऱ्या खोलीत तालीम आणि रेकॉर्डिंग. आठवड्यातून एक संध्याकाळ एकमेकांचं अपुरं काम पाहण्यासाठी राखून ठेवायची. शाळेलाही मोबदला मिळू शकतो: महिन्यातून एकदा मुलांसाठी चित्रकला, अ‍ॅनिमेशन किंवा नाट्याची कार्यशाळा. ‘आविष्कार’नं ‘चंद्रशाला’ या बालरंगभूमीच्या शाखेतून मुलांशी हे नातं वर्षानुवर्षं जपलं होतं.

मात्र माहीम-दादरच्या अनुभवातून एक खबरदारी घ्यायला हवी. नुसता शब्द पुरत नाही. जागेच्या वापराचा परवाना लेखी, किमान तीन वर्षांचा आणि गटाच्या नावावर हवा. नुकसान झालं तर कोण भरून देणार, शनिवार-रविवारी काय, परीक्षांच्या दिवसांत काय, हेही त्यात असावं. मुख्याध्यापक बदलले, विश्वस्त बदलले तरी कागद राहतो. महापालिकेनं अशा वापरासाठी एक सोपा नमुना-अर्ज आणि एकच दर ठरवून दिला, तर प्रत्येक गटाला ओळखी शोधत हिंडावं लागणार नाही. नगरसेवकाच्या निधीतून बाकडी आणि शेड उभ्या राहतात, तशीच आवाजबंद केलेली एक खोलीही उभी राहू शकते.

हा अर्ज कुणी करायचा याचंही उत्तर मुलुंडमध्येच आहे. कालिदासच्या विंगेत काम करणारे तंत्रज्ञ, वझेच्या जुन्या एकांकिकांतली मुलं, सेवा संघाच्या ग्रंथालयात येणारे लेखक-अनुवादक आणि घरात बसून स्क्रीनवर काम करणारे रचनाकार यांची आपापसांत ओळख नसली तरी गरज एकच आहे. शाळांचं नवं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि खोल्यांचं वेळापत्रक त्याआधी ठरतं. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये दहा-बारा जणांच्या सह्यांचा, कामाच्या वेळा आणि खर्चाची वाटणी स्पष्ट लिहिलेला प्रस्ताव दोन-तीन शाळांच्या विश्वस्तांपुढे ठेवायला हवा. एका शाळेनं होकार दिला तरी पावसाळ्यात एकांकिकांच्या तालमी आणि दिवाळी अंकांची पानं एकाच जिन्यावरच्या दोन खोल्यांत सुरू होऊ शकतात.